पदवी हातात आली, आता पुढे?

तीन महिने नोकरी नाही म्हणून एवढा खचू नकोस. मला पहिली मिळायला सात महिने लागले, त्यातले चार मी फुकट घालवले. एकच बायोडेटा, पन्नास झेरॉक्स, आणि आपल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेटागेटावर वॉचमनच्या हातात देत फिरलो. पुढे त्यांचं काय झालं ते देवाक खबर!

आत्ता एवढंच कर:

- प्रत्येक अर्जाला बायोडेटा बदल. तू रसायनशास्त्राचा, औषध कंपनीला कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळलंस का ते वरच दिसायला हवं, नाटकातलं बक्षीस नव्हे.
- सरकारीची आशा असेल तर कागद आधी जमव: १५ वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राची नोंदणी. जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत धावायचं नाही. कोंकणी बोलतोसच, वाचायचीही सवय ठेव.

मात्र कर्मचारी भरती आयोगाच्या परीक्षेची वाट बघत घरी बसणं, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. अभ्यास कर, पण काम करता करता. हॉटेलाची लाईन चालत असेल तर हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, विचारपूस पावसातच करावी.

‘काम करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला उंबरठ्यावरूनच परतव, मग तो नात्यातला का असेना.

नोकरी लागली की नेमणूकपत्र लेखी घे आणि पीएफचा १२ आकडी यूएएन, म्हणजे तुझा कायमचा पीएफ क्रमांक, जपून ठेव. नोकरी बदलली तरी तोच चालतो. पगाराची घासाघीस नंतर बघू. आधी बायोडेटा पाठव, लाल पेन घेऊन बसतो.