ऑनलाइन कानटोपी मागवतोयस? आधी एवढं बघ

मनालीला चाललायस म्हणून टोपी ऑनलाइन मागवतोयस ना, मग फोटो बघून लगेच ऑर्डर टाकू नको. नावात वुलन लिहिलंय म्हणजे लोकर असेलच असं नाही, खाली मटेरियलच्या ओळीत बऱ्याचदा ॲक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, निघतं. ॲक्रिलिक वाईट नाही, स्वस्त असतं, धुवायला सोपं, पण त्यावर लवकर गोळे येतात आणि सैल विणीतून वारं आत शिरतं, म्हणून आतून फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कापडाचं, अस्तर आहे का ते बघच. आपण सोलापूरची माणसं चादर सुद्धा हातात घेऊन वजन, वीण बघितल्याशिवाय घेत नाही, ऑनलाइन ते जमत नाही, तर मग गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो आणि दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू वाच, खरं तिथंच कळतं. फ्री साइजवर विसंबू नको. टेप भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून डोक्याभोवती फिरव, ५८ सेंमी आलं तर साइज चार्टमध्ये तेवढंच शोध. रिटर्न आहे का नुसतं एक्स्चेंज, तेही वाच आणि निघायच्या पंधरा दिवस आधी मागव म्हणजे बदलायला वेळ राहील. इथल्या पहाटेच्या थंडीपुरतीच हवी असेल तर नवी पेठेत जाऊन डोक्यावर घालून बघून घे की.