फक्त गेमिंगसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का कन्सोलच बरा?

नुसते गेमच खेळायचे असतील तर डोळे झाकून कन्सोल घ्या राव. आरटीएक्स ४०९० हे एनव्हिडियाचं महागडं ग्राफिक्स कार्ड २०२२ ला आलं तेव्हा नुसत्या कार्डाचेच १,५९९ डॉलर, अन् ते एकटंच ४५० वॅटपर्यंत खातंय, म्हणजे तगडा पॉवर सप्लाय आला, मोठं कॅबिनेट आलं, अन् परभणीच्या मे महिन्यात त्या खोलीत कूलर लावला तरी घामच. पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) साधारण २०० वॅटमधी भागतंय, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर टीव्हीसकट चालतंय. हां, ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) नाहीतर व्हिडिओ एडिटिंग शिकायलात तर कार्ड पैसे वसूल करतंय, अन् स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमधी जुने गेम लई स्वस्त भेटतात. पण मॉनिटर १०८०पीचा (फुल एचडी) असल तर मधल्या रेंजचं कार्ड बास, घरच्यांना एवढ्या खर्चात पाडू नका.