आत्याची चाकाची खुर्ची

"मॅडम, हिचंही आत्यासारखंच होणार का?" खुर्चीवर टेकायच्या आतच आईने विचारलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मणक्यातल्या नसांचं आवरण खराब करते तो आजार. त्याचं निदान झालेल्या मुलांच्या घरून हा प्रश्न मला हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी तेरा वर्षांची. उजव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं, तेव्हा तिने स्वतःच एक गंमत शोधून काढली होती. शाळेची लाल रिबीन एकेक डोळा झाकून बघायची. "डाव्याने लाल दिसते, उजव्याने विटकरी." डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे ऐकताच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. मेंदू आणि मणक्याचा एमआरआय, पाठीतलं पाणी, रक्त, आणि तीन आठवड्यांत नाव कळलं.

आत्याला तेच नाव कळायला सहा वर्षं लागली होती. पाय बधिर व्हायचे, घरचे म्हणायचे अशक्तपणा आहे, मनाचं आहे. आजार कळला तेव्हा झटका आला (म्हणजे नवा त्रास अचानक उमटला) की स्टिरॉइडची सलाईन, एवढाच इलाज त्या घरापर्यंत पोहोचला. झटके कमी करणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनला अमेरिकेत 1993 मध्येच मान्यता मिळाली होती, पण तो खर्च झेपणारा नव्हता.

आईला आणखी एक शंका होती. एकाच झटक्यावर एवढं मोठं नाव कसं दिलं? पूर्वी खरंच दुसऱ्या झटक्याची वाट बघत. 2010 आणि 2017 मध्ये निदानाचे निकष बदलले. आता एकाच एमआरआयमध्ये जुने आणि ताजे डाग सोबत दिसले, किंवा पाठीच्या पाण्यात ठरावीक खुणा सापडल्या, तर थांबावं लागत नाही. रक्त तपासलं ते मॉग अँटिबॉडीसाठी. ती सापडली तर आजार वेगळाच, लहान मुलांमध्ये जास्त आढळणारा, पण दिसायला असाच. त्याची औषधं निराळी असल्याने ही तपासणी मला फार मोलाची वाटते.

औषधाचंही सांगितलं. फिंगोलिमोड या कॅप्सूलची 10 ते 17 वर्षांच्या मुलांवरची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरफेरॉन घेणाऱ्यांपेक्षा या मुलांना झटके 82 टक्के कमी आले. त्याच वर्षी अमेरिकेत दहा वर्षं आणि त्यावरील मुलांसाठी ते मंजूर झालं. पहिली कॅप्सूल घेतल्यावर नाडी मंदावू शकते, म्हणून सहा तास दवाखान्यात बसावं लागतं. आई तेवढा वेळ तिचं मनगट धरून बसली होती.

"काही होणार नाही" असं मात्र मी म्हटलं नाही, कधीच म्हणत नाही. मुलांना झटके मोठ्यांपेक्षा जास्त वेळा येतात, आणि काहींचा लिहिण्याचा, आठवण्याचा वेग कमी होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे. परीक्षेत जादा वेळ कसा मागायचा, ते आम्ही शाळेसाठीच्या अर्जात मिळून लिहिलं.

निघताना मुलगी हळूच म्हणाली, "आई मला आत्याकडे नेत नाही आता." आईने मान खाली घातली.

भाऊबीजेला तिघं गेली. मुलीने आत्याला कॅप्सूलची पट्टी दाखवली म्हणे. आत्या ती हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत राहिली.