मामंजी फोनवरून पैसे का देत नाहीत?

प्रश्न : आमचे मामंजी ७४ वर्षांचे. दिवसभर व्हॉट्सॲप बघतात, यूट्यूबवर भजनं ऐकतात. पण यूपीआयचं नाव काढलं की फोन बाजूला ठेवतात. पेन्शन जमा झाली की बँकेत जाऊन रोख काढून आणतात. शेजारचे त्यांच्याच वयाचे काका भाजीसुद्धा स्कॅन करून घेतात. यांनाच का जमत नाही?
– एक सून, शहापूर, बेळगाव

उत्तर : न जमायला काय झालंय ताई, त्यांना ते करायचं नाही. माझी नोकरी खानापूर, बेळगावला बँकेच्या कॅश काउंटरवर झाली. पेन्शनर मंडळी नोटा दोनदा मोजत आणि पासबुकावर एंट्री छापून घेतल्याशिवाय हलत नसत. छापील ओळ दिसली की जीव भांड्यात. आता तीच नोंद फोनवर इंग्रजीत येते. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला पैसे आले की गेले हेच चटकन कळत नाही. शिवाय पेन्शन, ठेवीचं व्याज, सगळं एकाच खात्यात. त्या खात्याला ॲप जोडायला ते घाबरत असतील, तर मी त्यांच्याच बाजूचा.

शेजारचे काका एकटे राहतात का, बघा. एकटा माणूस लवकर शिकतो, कारण त्याचं लाइट बिल भरायला दुसरं कोणी नसतं. तुमच्याकडे बिल तुम्ही भरता, गॅस मुलगा बुक करतो. मग मामंजींनी शिकायचं कशासाठी?

तरी शिकवायचंच असेल, तर वेगळं खातं काढा, त्यात दोन-तीन हजारच ठेवा. भीम ॲपमध्ये मराठी भाषा निवडता येते. यूपीआय लाइट म्हणजे ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट; त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात. किरकोळ खरेदीला तेवढं पुरे. पहिला व्यवहार ओळखीच्या किराणा दुकानात करू द्या. तिथल्या डब्यानं रक्कम बोलून दाखवली की पासबुकातल्या एंट्रीचं काम झालं. आणि "द्या इकडं, मी करते" म्हणून फोन ओढून घेऊ नका. निम्मे लोक तिथंच सोडून देतात. नातवंडांना दिवाळीला कोऱ्या नोटा आणायला ते बँकेत जाणारच, त्यावरून वाद नको.

एक मात्र पाठ करून घ्या : पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. फसवणूक झालीच तर लाजून घरात लपवू नये, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. वेळ गेला की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात.