बोटीचं इंजिन थंड असताना लगेच सुरू होतं, पण तापल्यावर बंद केलं की पुन्हा का घेत नाही?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावाची फायबरची बोट. तिला दोन सिलिंडरचं, २५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून टांगायचं इंजिन), दोरीनं ओढून सुरू करायचं. सकाळी दुसऱ्या ओढीला घेतं. अर्धा तास फिरवून बंद केलं की वीस ओढी मारल्या तरी हूं की चूं नाही, आणि तासाभरानं पुन्हा निमूट सुरू. प्लग बदलून झाले, कार्बोरेटर दोनदा साफ केला. पावसाळ्याआधी हे मिटवायचंय.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. काम मुख्यतः डिझेल इंजिन आणि पंपांचं, पण २०१९ च्या महापुरात आमच्या तालमीच्या पोरांबरोबर बोट चालवली आणि तेव्हापासून हे आउटबोर्ड प्रकरण गळ्यात पडलं ते पडलंच. तुमचा आजार मी जसाच्या तसा भोगलाय. चिखलीत एका घराच्या स्लॅबला बोट लावली, म्हातारी माणसं चढवायची म्हणून इंजिन बंद केलं. आजीबाई, त्यांची शेळी, दोन गाठोडी असं सगळं आत आलं आणि मशीन काही घेईना. शेवटी बांबूनं रेटत दुसऱ्या बोटीपर्यंत गेलो. म्हणून सांगतो, पुराच्या बोटीत हा किरकोळ दोष नाही. तिथं दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करावंच लागतं.

आधी एक गोष्ट बघा, जी तुम्ही लिहिलेली नाही. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत दोरी ओढा. घेतं का?

लगेच घेतं, पण दहा-पंधरा मिनिटं थांबलं की घेत नाही, असं असेल तर भानगड पेट्रोलची. लगेचसुद्धा घेत नसेल तर संशय करंटवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीवर, नाहीतर कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबावर. एवढ्या एका चाचणीनं अर्धं काम होतं आणि खर्च शून्य.

पेट्रोलचं कारण असं. इंजिन चालू असतं तोवर नदीचं पाणी ब्लॉकभोवती फिरून उष्णता घेऊन जातं. बंद केलं की पाण्याचा पंपही थांबला. ब्लॉकमधल्या उष्णतेला वाट उरत नाही, ती वर झाकणाखाली कोंडते. चुलीतला जाळ ओढला तरी निखाऱ्यावरचं दूध उतू जातं, त्यातलाच प्रकार. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं आणि इंजिन ओव्हर होतं, किंवा पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि पुढं काही जातच नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र उलटे. म्हणून प्लग काढून बघायचा, पण तो इंजिन अडलेल्या घटकेलाच. घरी नेऊन, चहा पिऊन नव्हे.

प्लग ओला, पेट्रोलनं थबथबलेला निघाला तर ओव्हर. चोक ओढू नका, पेट्रोलची नळी टाकीपासून सोडा, थ्रॉटल तुमचं मशीन न्यूट्रलमध्ये देऊ देईल तेवढा उघडा आणि पाच-सहा ओढी द्या. बहुधा खोकत खोकत सुरू होईल. झालं की थ्रॉटल लगेच खाली घ्या आणि नळी जोडा. मग ओव्हर का होतंय ते शोधा. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या नीडलचं टोक झिजलेलं असतं, फ्लोटची उंची चुकलेली असते. पण त्याआधी आपल्या सवयी तपासा. गरम इंजिनाला चोक ओढायचा नसतो आणि नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबत बसायचं नसतं. सकाळी थंड असताना ठीक. दुपारी तेच केलं तर आपणच नीडलवर जोर देऊन पेट्रोल आत ढकलतो. आमच्या बोटीवरचा एक पोरगा घाबरला की फुगाच दाबायचा. त्याला फुग्यापासून लांब बसवला तेव्हा निम्मी तक्रार गेली.

टाकी उन्हात ठेवता का? मे महिन्यात आपल्याकडं टाकी उन्हात तापली आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असला की आत दाब साठतो. तो दाब पेट्रोल सरळ कार्बोरेटरकडं रेटतो. टाकीवर ओलं पोतं टाका. चालू असताना स्क्रू उघडा हवाच, नाहीतर उलट टाकी पेट्रोल सोडत नाही.

प्लग कोरडा निघाला तर वाफ किंवा उपासमार. पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, फुगा दोन-तीनदा हलक्या हातानं दाबा. सुरू झालं तर वाफच होती. गेल्या पुरातलं पेट्रोल यंदा वापरू नका. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे आपल्याच उसाचा रस फिरून आपल्याच टाकीत. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि जुन्या नळीचं रबर ते आतून मऊ करतं. नळी वाकवून बघा, भेगा किंवा चिकटपणा असेल तर बदला.

आता करंट. माझं दुखणं हेच निघालं, आणि इथंच बहुतेक मेकॅनिक चकतात. एका दुकानात मी मशीन तीनदा नेलं. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. प्रत्येक वेळी त्यांनी थंड मशीन तपासलं, करंट झकास आहे म्हणाले आणि कार्बोरेटरचा किट टाकला. दोन किट गेले. थंड मशीनला करंट झकास येणारच, कारण ते थंड असताना सुरू होतंच आहे!

फ्लायव्हीलखाली, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या वरच्या जड चाकाखाली, ठिणगीला वीज पुरवणारी जी चार्जिंगची कॉईल असते तिची तार केसासारखी बारीक. तापली की ती प्रसरण पावते, आतली तुटकी जागा उघडते किंवा इन्सुलेशन सोडतं. निवली की पुन्हा जुळते. आणखी एक गंमत: इंजिन चालू असताना फेरे भरपूर असतात, त्यामुळं अशक्त कॉईलही काम भागवते. हातानं दोरी ओढताना फेरे कमी, तेवढ्यात ती पुरी पडत नाही. म्हणून चालताना एकदाही बंद पडत नाही, पण पुन्हा घेतही नाही.

तपासायचं असं. खिशात एक नवा प्लग ठेवा. अडल्याबरोबर एका सिलिंडरच्या प्लगवरची तारेची टोपी काढून त्यात हा प्लग घाला, त्याचं लोखंड इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा आणि कुणाला तरी दोरी ओढायला सांगा. टोपी मोकळी सोडून ओढू नका, सीडीआय (ठिणगी सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) जाऊ शकतो. जुना प्लग भोकातच राहू द्या, उघड्या भोकातून उडणारं पेट्रोल ठिणगीनं पेट घेईल. उन्हात ठिणगी दिसत नाही, मी छत्री उघडून खाली बघितली होती. निळी, कडाडणारी हवी. पिवळी बारीक किंवा नाहीच, तर बहुधा कॉईल. बाहेरच्या बाजूला बसवलेली इग्निशन कॉईल असेल तर तिच्यावर ओलं फडकं ठेवून दोन मिनिटांनी पुन्हा ओढा. सुरू झालं तर चोर सापडला. फ्लायव्हीलखालच्या कॉईलला मीटर लावायचा. मी थंड असताना रीडिंग लिहून ठेवलं, शेजारच्या सलूनमधून ड्रायर आणून कॉईलवर धरला आणि बघत बसलो. पाच-सहा मिनिटांत आकडा हलायला लागला आणि मग मीटरनं लाइन तुटल्याचंच दाखवलं.

उद्यमनगरात मोटर वाइंडिंगवाले गल्लोगल्ली, म्हणून हौसेनं ती कॉईल भरून घेतली. दोन महिने चालली. मग मुकाट्यानं नवी आणली. तुम्ही पहिल्यांदाच नवी घ्या.

ठिणगी निळी, प्लगही ना ओला ना कोरडा, तरी घेत नाही? मग कॉम्प्रेशन गेज लावा, एकदा थंड असताना आणि एकदा गरम असताना. रिंगा झिजलेल्या असतील तर थंड आणि गरम आकड्यात फरक पडेल. त्याआधी मागून उडणारी पाण्याची धार बघा. ती मरगळलेली किंवा हात भाजेल इतकी गरम असेल तर पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं रबरी चाक, गेलाय. पुराच्या गढूळ पाण्यातली वाळू त्याला खाते आणि वर्षभर पडून पाती आडवी होतात. मशीन जास्त तापलं की वरचे सगळेच रोग बळावतात, त्यामुळं इंपेलर पावसाळ्याआधी बदलून टाकाच.

हे सगळं घाटाला दोर बांधून करा, बोटीत वल्ही आणि अंगावर जॅकेट ठेवून. बंद करण्याआधी दोन मिनिटं हळू चालवा आणि बंद केल्यावर जागेवरच झाकण उचलून ठेवा, कोंडलेली उष्णता निघून जाते.

दहा सेकंदांत घेतं की नाही, आणि प्लग ओला निघाला की कोरडा, एवढं खाली लिहा. त्यापुढचं मग बघू.