धिंगरीच्या कुटाराने रंगाचं पाणी स्वच्छ होतं का?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या इतवारीतल्या घरच्या रंगाईचं पाणी धिंगरी मशरूमच्या वापरलेल्या कुटारातून (पिकाच्या भुशातून) गाळून नालीत सोडलं तर चालेल का. रंग जाईल, हे मी स्वतः पाहिलंय. पण रंग गेला म्हणून लगेच सोडू नका.

मी हिवाळ्यात धिंगरीचे बेड, म्हणजे कुटार भरून बुरशी वाढवलेल्या पिशव्या, लावतो. तीन तोडे झाल्यावर उरलेल्या सोयाबीन कुटाराच्या बेडमधून एकदा निळं पाणी सोडलं. खाली जवळजवळ नितळ पाणी आलं. हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी बेड कापला तर आतलं कुटार निळंशार! रंग मोडलाच नव्हता, नुसता चिकटला होता. मग दोन बेड घेतले. एक तासभर उकळून बुरशी मारली, दुसरा जिवंत ठेवला आणि दोन्हींतून सारखंच पाणी सोडलं. उकळलेला निळाच राहिला, जिवंत मात्र आठवडाभरात फिका पडत गेला. ही तुलना तुम्हीही आधी करा.

असं होतं कारण लाकडातलं लिग्निन फार वेडंवाकडं रसायन आहे. ते फोडायला ही बुरशी लॅकेस, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी विकरं (एन्झाइम) शरीराबाहेर सोडते आणि ती समोर येईल ते ऑक्सिडाइज करतात. रंगांची, औषधांची, कीटकनाशकांची कितीतरी रसायनं त्यांच्या तडाख्यात येतात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटीसुद्धा मोडते, हे 1985 मध्येच दाखवलं गेलं. तिला चाळीसेक अंशांची उष्णताही मानवते, म्हणून आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यासाठी मला तिच्याकडून जास्त आशा वाटते.

अडचण खऱ्या सांडपाण्यात येते. बुरशीला पाणी थोडं आंबट लागतं, रंगाईचं पाणी बहुधा सोड्याचं असतं. शिवाय त्यातले जिवाणू काही दिवसांत बुरशीवर मात करतात. क्रोमियम, तांबं असे धातू तर कोणतीच बुरशी नष्ट करू शकत नाही, ते कुटारात साठतात. ते कुटार शेतात टाकू नका, त्या बेडची मशरूम खाऊ नका.

आपल्या नाल्यांचं पाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेत गोसीखुर्द धरणात जातं, म्हणून एवढं बजावतोय. गाळलेलं पाणी आधी टाकीत धरा, एका वाटीत त्यात आणि दुसऱ्या वाटीत साध्या पाण्यात मूग भिजवा. मोड खुरटले तर ते सोडायचं नाही. मोड चांगले आले तरी एकदा प्रयोगशाळेत सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आणि धातू तपासून घ्या.