स्टोक्स सॉल्व्हर कन्व्हर्ज होत नाही. कोअर वाढवू की टॉलरन्स सैल करू?

तुम्ही लिहिलंय की ॲस्पेक्टमध्ये, म्हणजे पृथ्वीच्या आतल्या संथ प्रवाहाची मॉडेलं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खंड ताणण्याचं मॉडेल हजार फेऱ्यांनंतरही अडकतं; प्रवाहाची समीकरणं सोडवणारा स्टोक्स सॉल्व्हर उत्तरावर स्थिरावत नाही. कोअर (जास्तीचे प्रोसेसर) नको, टॉलरन्स (किती चूक चालवून घ्यायची ती मर्यादा) तर नकोच. आधी वही घ्या आणि पेटीत, म्हणजे मॉडेलच्या चौकटीत, किती द्रव्य येतं, किती जातं ते मोजा.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी यातच अडकले होते. पेटी 400 किमी रुंद, 100 किमी खोल. दोन्ही बाजू वर्षाला 0.25 सेंमीने बाहेर, तळातून 0.125 सेंमीने द्रव्य आत, वरची कड फ्री स्लिप (तिच्या कडेने सरकता येतं, आरपार जाता येत नाही). सगळं सुरळीत. मग खोली 120 किमी केली आणि रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली चूक) रुतून बसला. लॉगमध्ये पानंच्या पानं तोच आकडा, हलायचे ते फक्त शेवटचे अंक. आमचे एक सीनियर रोज सांगायचे, टॉलरन्स सैल कर. मी म्हणायचे, बदल खोलीत केलाय, तर सीमा बघूया. "सीमांना तू हात लावलेला नाहीस ना? मग झालं." हात लावला नव्हता, तीच तर चूक होती! तीन आठवडे क्लस्टरच्या रांगेत गेले. शेवटी एका रात्री साधा गुणाकार केला: बाहेर 2 × 0.25 × 120 = 60, आत 0.125 × 400 = 50. द्रव्य असंपीड्य (आकारमान बदलत नाही), वरून वाट बंद. उरलेले 10 येणार कुठून? या गणिताला उत्तरच नव्हतं. तळाचा वेग 0.15 केला आणि तेवढ्याच कोअरवर पहिली पायरी सुटली.

टॉलरन्स सैल केला असता तर मॉडेल चाललं असतं आणि ती चुकीची चित्रं माझ्या प्रबंधात गेली असती. याचा राग अजून जात नाही.

हिशेब जुळत असेल तर व्हिस्कॉसिटी (द्रव्याचा घट्टपणा) सगळीकडे एकच ठेवून चालवा. सुटलं, तर दोष व्हिस्कॉसिटीच्या उड्यांचा. जाळीच्या एकेका घटकात तिची हार्मोनिक सरासरी (लहान आकड्यांकडे झुकणारी) घेऊन बघा. कोअर वाढवून फेरी लवकर संपते, फेऱ्या कमी होत नाहीत.

हो, तुमची वरची कड मुक्त पृष्ठभाग (वर-खाली हलू शकणारा) असेल तर सॉल्व्हर या कारणाने अडकणार नाही. तूट पृष्ठभाग खचून भरून निघेल: माझ्या आकड्यांत वर्षाला 0.025 सेंमी, म्हणजे 10 लाख वर्षांत 250 मीटर. त्या सीनियरांच्या मॉडेलांत पृष्ठभाग असाच एकसारखा खचत जायचा आणि ते त्याला खोरं म्हणायचे. तळाचे वेग तपासा, असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.